समाधान आणि स्थित्यंतर : रायपूर परिसरातील तीन पाठ

रायपूर शहरातील 'पंडरी' हे नाव मराठी कान प्रथम ऐकतो तेव्हा त्याला ते 'पंढरी' असे ऐकू येते. छत्तीसगढीत 'पंडरा' आणि 'पंडरी' ही पांढऱ्या रंगाची विशेषणे आहेत. मराठी 'पांढरा' हा त्यांचा जवळचा भाऊबंद. मराठीत मात्र या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, आणि तो येथे अधिक कामाचा आहे. गावगाड्याच्या परिभाषेत 'काळी' म्हणजे कसायची जमीन आणि 'पांढरी' म्हणजे राहायची जमीन. चुली, भिंती, अंगणे आणि मागल्या पिढ्यांच्या पडझडीची माती मिळून पांढरी होते. गाव उठले तरी पांढरी उरते, अशी जुनी समजूत.

आजच्या पंडरीत असे मुरलेपण शोधू जाणे व्यर्थ आहे. घाऊक कापडबाजार आणि हस्तकलांचे 'छत्तीसगढ हाट' ही तिची ओळख. शहराचा मोठा बसथांबाही दीर्घकाळ येथेच होता. २०२१ मध्ये तो भाटागावला गेला. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले, रायपूर राजधानी झाले, आणि २०११ च्या जनगणनेत शहराने १० लाखांची मर्यादा ओलांडली. भोसल्यांच्या अमलापासून येथे वसलेल्या मराठी कुटुंबांची खूण सांगणारा 'तात्यापारा' हा मोहल्ला याच शहरात आहे. मराठी घर आणि हिंदी बाजार, मराठी पोथी आणि हिंदी छापखाना असे दुहेरी जीवन या वस्तीने शतकभर जगून पाहिले. वेगाने बदलणाऱ्या काळात माणसाला स्वस्थता कोठे लाभते, या प्रश्नाचा तौलनिक विचार करण्यास हा परिसर म्हणूनच अनुकूल ठरतो. येथे तो प्रश्न दोन भाषांच्या सीमेवर उभा राहून विचारला गेला आहे.

सीमेवर शब्दही एकसारखे राहत नाहीत. 'स्वस्थ' म्हणजे हिंदीत निरोगी. मराठीत तो शांत, निश्चल, आणि बोलण्यात तर चक्क काहीही न करणारा. 'चैन' हिंदीत मनाची शांती आहे, मराठीत ती खर्चिक मौज झाली. 'चैन पडत नाही' या प्रयोगात जुना अर्थ तेवढा शिल्लक राहिला. या सर्वांत 'समाधान' हा शब्द अधिक अर्थपूर्ण रीतीने दुभंगला आहे. आजच्या हिंदीत समस्येचे समाधान असते, म्हणजे उत्तर, तोडगा. मराठीत समाधान माणसाला असते. ती मनाची अवस्था आहे, आणि समस्या सुटली नसतानाही ती असू शकते. 'शंकासमाधान' या जोडशब्दात मराठीनेही उत्तराचा अर्थ जपला आहे, हे खरे. पण मराठी माणूस 'समाधानी' म्हणवतो तेव्हा त्याला सर्व उत्तरे सापडली आहेत असा दावा तो करीत नाही. अवस्था की उत्तर, हा भेद मनात ठेवून माधवराव सप्रे, गजानन माधव मुक्तिबोध आणि विनोदकुमार शुक्ल या तीन लेखकांकडे पाहिले असता एक सलग वाद दिसू लागतो. पहिले दोघे मराठी घरांतले आणि हिंदीचे लेखक. तिसरे हिंदीचेच, पण दुसऱ्याच्या सान्निध्यात घडलेले.

माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांच्या लेखनाला प्रारंभ झाला तो काळ छत्तीसगढच्या दृष्टीने दुहेरी धक्क्याचा होता. १८८२ मध्ये नागपूरकडून राजनांदगावपर्यंत लोहमार्ग आला, पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने तो पूर्वेकडे नेला. धान्य बाहेर जाऊ लागले, माणसेही बाहेर जाऊ लागली. त्यातच १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ पडले. दुसरा दुष्काळ चालू असतानाच, जानेवारी १९०० मध्ये, पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक निघाले. संपादक सप्रे आणि रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामन बळीराम लाखे, तिघेही मराठी. मासिक तीन वर्षे चालले. दुष्काळात मासिक काढावे हा अव्यवहारीपणा वाटेल; परंतु त्या पिढीची छापील शब्दावरची श्रद्धा ध्यानात घेतल्याशिवाय तिचे पुढचे वागणे उलगडत नाही.

१९०१ मध्ये याच मासिकात सप्रे यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही छोटी कथा आली. हिंदीतील पहिली कथा कोणती, या वादात ती इतकी ओढली गेली आहे की तिच्यात आहे काय, हे पाहण्याचे राहून जाते. जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढवायचे आहे. शेजारच्या विधवेची झोपडी तो कायदेशीर मार्गाने काढून घेतो. म्हातारी एक दिवस टोपलीभर माती मागायला येते. घर सुटल्यापासून नातीने अन्न टाकले आहे. त्या मातीची चूल केली तर ती जेवेल, अशी तिची आशा. टोपली उचलायला हात लावा, अशी विनंती ती करते; जमीनदाराला टोपली उचलत नाही; एवढ्याशा मातीचा भार पेलत नाही, तर साऱ्या जागेचा जन्मभर कसा पेलणार, असे म्हातारी विचारते. जमीनदाराला पश्चात्ताप होतो. हा शेवट नीतिकथेचा आहे आणि त्याची बाजू घेण्याचे कारण नाही. कथेचे मर्म नातीच्या उपाशीपणात आहे. या मुलीला अन्न मिळत नाही असे नाही. ओळखीच्या चुलीवाचून ते तिच्या घशाखाली उतरत नाही. मराठी शब्दांत सांगायचे तर तिची पांढरी हिरावली गेली आहे, आणि पांढरीचा एक टोपलीभर अंश परत मिळाला तर तिला समाधान मिळेल, अशी आजीची अटकळ आहे. झोपडी परत मागण्याचे बळ म्हातारीत नाही. कायदा जमीनदाराच्या बाजूने आहे. ती मागते ती केवळ विसाव्यापुरती माती. छत्तीसगढातील आधुनिक लेखनाच्या उंबरठ्यावरच सांत्वन आणि न्याय यांतील अंतर असे मांडले गेले, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

पुढील सात वर्षांत सप्रे न्यायाच्या बाजूला सरकले. नागपूरहून 'हिंदी ग्रंथमाला', आणि १३ एप्रिल १९०७ पासून टिळकांच्या 'केसरी'चे हिंदी रूप असलेले 'हिंदी केसरी'. जुलै १९०८ मध्ये टिळकांना शिक्षा झाली. ऑगस्टमध्ये सप्रे यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. काही महिन्यांनी कुटुंबीयांच्या दडपणाखाली त्यांनी क्षमापत्रावर सही केली आणि ते सुटले. या सहीने त्यांना आतून मोडले, याविषयी चरित्रकारांत दुमत नाही. वर्ध्याच्या हनुमानगडावर रामदासी संप्रदायातील गुरूच्या सहवासात त्यांनी मधुकरी मागून दिवस काढले, दासबोधाची पारायणे केली, आणि नंतर रायपुरात रामदासी मठ स्थापून तेथे ते राहिले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या प्रारंभी त्यांचा 'हिंदी दासबोध' आला.

या पर्वाकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. राष्ट्रीय चरित्रलेखन त्याला क्षणिक दुर्बलतेनंतरचे प्रायश्चित्त मानते आणि लवकरात लवकर १९२० च्या 'कर्मवीर'कडे वळते. भक्तिपर लेखन त्यालाच जीवनाचे शिखर ठरवते. दोन्हींत दासबोध हा ग्रंथ जणू औषधाच्या बाटलीसारखा येतो. तो कोणता ग्रंथ आहे आणि त्याचे भाषांतर करणे म्हणजे दिवसचे दिवस नेमके काय करणे, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

वीस दशके, दोनशे समास आणि साडेसात हजारांहून अधिक ओव्या असलेला दासबोध सांत्वनपर ग्रंथ म्हणून अजब आहे. त्याचे तिसरे दशक वाचून कोणाचे मन शांत होईल असे वाटत नाही. जन्माचे दुःख, बालपण, लग्न, कर्ज, पोटासाठी परदेशगमन, दुष्काळ, पत्नीचा वियोग, मुलांनी टाकलेले म्हातारपण, त्रिविध ताप आणि मृत्यू असा एका सामान्य संसारी माणसाचा प्रवास तेथे कमालीच्या कोरडेपणाने सांगितला आहे. दुष्काळ आणि स्थलांतर यांनी पोळलेल्या छत्तीसगढात हे दशक हिंदीत येणे म्हणजे तेथील वाचकाला त्याचीच हकीकत ऐकवण्यासारखे होते. त्यापूर्वी मूर्खांची लक्षणे, पढतमूर्खांची लक्षणे. पुढे राजकारणनिरूपण, यत्नाची शिकवण, आणि एकोणिसाव्या दशकाच्या आरंभी चक्क लेखनक्रियेचे निरूपण. अक्षर वाटोळे, सुटे आणि सरळ कसे काढावे, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत हात एकसारखा कसा राहावा, समास कसा सोडावा, लेखणी आणि शाई कशी सांभाळावी, हे सांगणारा हा समास मोक्षाच्या ग्रंथात कशाला, असा प्रश्न अनेकांना पडला असेल. सप्रे यांना तो पडला नसावा. ज्याचा हात एका सहीने डागाळला, त्याला अक्षर पुन्हा पहिल्यापासून गिरवण्याची ही शिस्त किती जवळची वाटली असेल, याची कल्पना करता येते.

येथे भाषांतर या कृतीचे स्वरूप पाहावे लागते. क्षमापत्रात दुसऱ्याच्या मजकुराखाली आपले नाव असते. भाषांतरातही दुसऱ्याच्या मजकुराखाली आपले नाव असते. बाह्यतः एकच असलेल्या या दोन कृतींत जो फरक आहे, त्यात सप्रे यांच्या उत्तरायुष्याचा अर्थ सामावलेला आहे. पहिला मजकूर लादलेला होता, दुसरा त्यांनी निवडला. स्वतःच्या आवाजाविषयी विश्वास डळमळलेल्या लेखकाने उसना आवाज घ्यावा आणि तो उसना आहे हे उघड सांगावे, यात एक प्रामाणिकपणा आहे. दासबोधातील समाधान हे प्रचीतीवर उभे असते. ऐकीव ज्ञानाने ते येत नाही, असे समर्थ पुनःपुन्हा बजावतात. ओवीचा अर्थ दुसऱ्या भाषेत बसवून पाहणे हा प्रचीतीचाच एक प्रकार होय. शब्द खरोखर कळला आहे की नाही, हे भाषांतरात लपत नाही.

मात्र हिंदीत जाताना ग्रंथाचे काही मागे राहते. सप्रे यांनी ओवीचे गद्य केले. ओवीतील ठोका, यमकाचा खटका, आणि त्या खटक्यामुळे उपदेशाला येणारी तिखट गंमत गद्यात उतरत नाही. दुसरी हानी ऐतिहासिक संदर्भाची. त्याच सुमारास महाराष्ट्रात रामदासांचे पुनरुज्जीवन जोरात होते. धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव यांची सत्कार्योत्तेजक सभा १८९३ पासून काम करीत होती. रानड्यांनी १९०० मध्ये मराठी सत्तेच्या उदयाशी संतांचा संबंध जोडला होता. राजवाड्यांनी वारकरी संतांना निष्क्रियतेचा दोष देऊन रामदासांना उचलून धरले होते. पुणे-धुळ्यात दासबोध हा असंतोषाचा ग्रंथ म्हणून वाचला जात होता. रायपुरात तोच ग्रंथ असंतोषाच्या पराभवानंतर हाती धरला गेला. एकाच दशकात, एकाच राष्ट्रीय पक्षाच्या माणसांनी केलेली ही दोन वाचने मराठी रामदास-चिकित्सेने एकत्र ठेवून तपासली पाहिजेत. शिवकालाचा संदर्भ नसलेल्या हिंदी वाचकाने दासबोध वाचला तो नीती, विवेक आणि भक्ती यांचा ग्रंथ म्हणून. हे अपुरे वाचन आहे हे मान्य केले, तरी महाराष्ट्रात ज्या वाचनावर राजकारणाची पुटे चढली होती त्यापेक्षा ते मूळ संहितेच्या काही भागांना अधिक जवळचे आहे, असेही म्हणता येईल.

सप्रे मठात स्थिरावून थांबले असते, तर वर दिलेला प्रायश्चित्ताचा अर्थ पुरेसा ठरला असता. परंतु जून १९१५ मध्ये मंडालेत लिहिलेले 'गीतारहस्य' पुण्यात प्रसिद्ध झाले आणि त्याचे हिंदी भाषांतर सप्रे यांच्याकडे आले. भाषांतरकाराच्या भूमिकेखाली रायपूरच्या रामदासी मठाचा पत्ता आहे आणि तिथी आहे देवशयनी एकादशी, मंगळवार, संवत १९७३. म्हणजे १९१६ ची आषाढी. पंढरपूरकडे वारी लोटली असताना रायपूरच्या मठात बसून एका रामदाशाने कर्मयोगाच्या ग्रंथावर शेवटचा हात फिरवावा, हा योगायोग. पण बोलका आहे.

'गीतारहस्या'त समाधानाच्या कल्पनेला सरळ आव्हान आहे. 'सुखदुःखविवेक' या प्रकरणात टिळक संतोष आणि असंतोष यांचा खल करतात. असंतोष हे ऐश्वर्याचे मूळ आहे, असे महाभारतातले मत ते लक्षात घेतात आणि सर्वच असंतोष दुःखकारक मानून तो निपटून काढावा, हा संन्यासमार्गीयांचा आग्रह ते मान्य करीत नाहीत. फळाविषयीची आसक्ती सुटली म्हणजे पुरे. कर्म सोडण्याचे कारण नाही. शांती ही कर्म करणाऱ्याच्या बुद्धीची स्थिती असते, त्याच्या हातांची नव्हे. रामदासांचे दाखलेही टिळकांनी याच बाजूने दिले आहेत. म्हणजे ज्या ग्रंथाचा सप्रे यांनी विसावा म्हणून आश्रय घेतला होता, तोच ग्रंथ आता त्यांच्यासमोर उद्योगाची साक्ष म्हणून उभा राहिला, आणि ती साक्ष हिंदीत नोंदवण्याचे काम त्यांच्याच हाती आले. १९०८ मध्ये एकाला सहा वर्षांची शिक्षा झाली आणि दुसरा सही करून सुटला. त्या दोघांची १९१६ मध्ये एका ग्रंथाच्या मुखपृष्ठावर भेट झाली. यातील नैतिक नाट्य सप्रे यांनी कोठेही मिरवले नाही. पुढे चिंतामणराव वैद्यांचा महाभारतावरील उपसंहारग्रंथही त्यांनी 'महाभारत मीमांसा' या नावाने हिंदीत आणला. रायपुरात मुलींची शाळा काढण्यात पुढाकार घेतला. 'कर्मवीर' सुरू करताना संपादकपद माखनलाल चतुर्वेदींकडे देऊन स्वतः मागे राहिले. या मागे राहण्याची किंमतही होती. टोपलीभर मातीच्या कथेने जो धागा सुरू केला होता, तो त्यांनी पुढे विणला नाही. एका चांगल्या कथाकाराला हिंदी मुकली, आणि हा तोटा भाषांतरांच्या पुण्याईने भरून निघतो असे मानण्याचे कारण नाही.

दुसरा पाठ या साऱ्या प्रवृत्तीवर संशय घेणारा आहे. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक म्हणून आले आणि १९६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. घराची भाषा मराठी. धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध हे 'नवी मळवाट' (१९४९) आणि 'क्षिप्रा' (१९५४) यांमुळे मराठीत नाव झालेले कवी-कादंबरीकार. एका घरातल्या दोन भावांनी दोन भाषांत मार्क्सवादी जाणिवेचे काव्य लिहिले, हे उदाहरण भारतीय साहित्यात विरळाच; त्याची स्वतंत्र मांडणी व्हावयास हवी. प्रस्तुत संदर्भात थोरल्या भावाचा 'कामायनी : एक पुनर्विचार' (१९६१) हा समीक्षाग्रंथ महत्त्वाचा आहे.

जयशंकर प्रसादांच्या 'कामायनी' (१९३६) या महाकाव्यात प्रलयातून वाचलेला मनू श्रद्धेला सोडतो, इडेच्या साहाय्याने सारस्वत नगरात यंत्रे, वर्ग आणि नियम यांवर उभी नवी व्यवस्था घडवतो. प्रजा बंड करते, मनू घायाळ होतो, आणि अखेरीस श्रद्धा त्याला कैलासाच्या समरसतेत, 'आनंद' सर्गात नेते. हिंदी समीक्षेने हा शेवट दीर्घकाळ भारतीय दृष्टीचा विजय म्हणून वाखाणला. मुक्तिबोधांनी या काव्याला एक विशाल फँटसी मानले आणि तिच्या आत स्वतः प्रसादांच्या काळातले भांडवली समाजाचे अंतर्विरोध दाखवून दिले. सारस्वत नगरातला संघर्ष खरा आहे, मग कैलासावर तो सुटतो कसा? तो सुटत नाही. मनू तेथून निघून जातो एवढेच. आनंद ही अवस्था उत्तराच्या जागी आणून बसवली आहे. समाधानाचे दोन अर्थ असे एकमेकांत मिसळू देण्यास मुक्तिबोधांचा विरोध आहे.

हे लिहिले जात होते तेव्हा राजनांदगाव आणि रायपूर यांच्या मधोमध, त्याच लोहमार्गावर, भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता. तेथील पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाली. सारस्वत नगर मुक्तिबोधांना पुराणात शोधावे लागत नव्हते. १९६२ मध्ये त्यांच्या इतिहासविषयक पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली, आणि आधीच अस्वस्थ असलेला हा कवी अधिकच अस्वस्थ झाला. त्यांच्या दीर्घ कवितांतील विहिरी, बंद खोल्या आणि रात्रीच्या मिरवणुका यांत विसाव्याची जागा सापडत नाही. काही समीक्षक या अविश्रांतपणालाच मूल्य मानतात. तसे मानणे धोक्याचे आहे. अस्वस्थतेचीही सवय होते, आणि सवयीची अस्वस्थता समाधानाइतकीच सुखकर असू शकते. मुक्तिबोधांना हा धोका ठाऊक असावा. त्यांचा ब्रह्मराक्षस स्वतःच्या ज्ञानाच्या विहिरीत अंग घासत राहतो, तो काही आदर्श म्हणून रेखाटलेला नाही.

तरीही मुक्तिबोधांनी एक कसोटी दिली: साहित्यकृतीत शांती दिसली, की ती कोणत्या जागी ठेवली आहे, तेथे कोणाला जाता येते आणि मागे राहिलेल्यांचे काय झाले, हे विचारावे. सप्रे यांच्या कथेला ती लावली तर जमीनदाराचा पश्चात्ताप तिच्यात नापास होतो. म्हातारीची टोपली टिकते. 'हिंदी दासबोधा'ला लावली तर निकाल इतका सोपा नाही. मठ ही जागा समाजापासून वेगळी आहे. पण तेथे तयार झालेली वस्तू बाजारात येऊन कोणालाही वाचता येणारे पुस्तक होती.

तिसरा पाठ विनोदकुमार शुक्ल यांचा. १९३७ मध्ये राजनांदगावात जन्मलेले, पुढे रायपूरच्या कृषी विद्यापीठात अध्यापन केलेले आणि अखेरपर्यंत रायपुरातच राहिलेले शुक्ल तरुणपणी मुक्तिबोधांच्या संपर्कात आले. त्यांच्या आरंभीच्या कविता प्रकाशात येण्यात मुक्तिबोधांचा हात होता. सर्वांत अस्वस्थ कवीच्या पाठबळावर सर्वांत शांत गद्यकार उभा राहिला, हे येथील साहित्याच्या इतिहासाचे एक वळण आहे. 'नौकर की कमीज' (१९७९) मध्ये कारकून संतूबाबूला साहेबांच्या आदर्श नोकराच्या मापाचा सदरा नेमका बसतो, आणि त्या मापाने त्याचा माणूसपणा कसा आक्रसतो हे दाखवले आहे. तेथे मुक्तिबोधांचा वारसा स्पष्ट दिसतो. 'दीवार में एक खिड़की रहती थी' (१९९७) या साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त कादंबरीत मात्र संघर्ष जवळजवळ नाहीच. रघुवर प्रसाद हा गणिताचा तरुण प्राध्यापक, त्याची पत्नी सोनसी, भाड्याची एक खोली. टेम्पोने महाविद्यालयात जाणे त्रासाचे. मग एक साधू हत्तीवरून त्याला नेऊ लागतो. खोलीच्या खिडकीतून उडी मारली की पलीकडे तळी, सारवलेल्या पायवाटा, चहा देणारी एक म्हातारी असे जग आहे, आणि ते या दोघांना सहज लाभते.

हा कैलासच की काय, अशी शंका घेतली गेली आहे आणि ती रास्त आहे. मुक्तिबोधांची कसोटी येथे काटेकोरपणे लावून पाहावी. पहिली गोष्ट, खिडकीपलीकडे कोणी कायमचे जात नाही. सकाळी परत यावे लागते, वर्ग घ्यावे लागतात, पगार पुरवावा लागतो. मनू कैलासावरून परतत नाही. रघुवर रोज परततो. दुसरी, खिडकी भाड्याच्या खोलीला आहे. जमीन स्वतःची नाही, झोपडीही नाही. टोपलीभर माती मागण्यासारखी आपली पांढरीच या जोडप्याला नाही. मालकीवाचून लाभणारा विसावा असतो का, हा १९०१ च्या कथेने सोडलेला प्रश्न ही कादंबरी वेगळ्या वाटेने हाती घेते. तिसरी गोष्ट हत्तीची. साधू निघून जातो आणि हत्ती रघुवरच्या गळ्यात पडतो. जे वाहन म्हणून सुखाचे होते, त्याच्या चाऱ्यापाण्याची काळजी येते. या कादंबरीत एवढ्या एका ठिकाणी सुखाचा हिशेब मांडलेला दिसतो. सोनसीच्या श्रमाकडे मात्र लेखकाची नजर फारशी रेंगाळत नाही. स्वयंपाक, सारवण, वाट पाहणे हे सारे इतक्या लाघवाने येते, की ते काम आहे हे वाचक विसरतो. संतूच्या पत्नीला घरमालकाच्या स्वयंपाकघरात हळूहळू कसे ओढले जाते, हे टिपणारा लेखक अठरा वर्षांनी हे विसरावा, ही उणीव त्याच्या सौंदर्यामुळे झाकली जाऊ नये.

मराठीत या कादंबरीशेजारी ठेवावी अशी पहिली आठवण व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'ची (१९५५). तेथेही तरुण शिक्षक, लहान जागा, कमी बोलणारी माणसे. पण दुष्काळात वाडी उठते, माणसे मेंढरे घेऊन निघून जातात, शाळा ओस पडते. पांढरी तेवढी उरते. माडगूळकरांनी मास्तरला एकही खिडकी दिलेली नाही. त्यांचे वास्तव शुक्लांच्या स्वप्नापेक्षा अधिक खरे आहे, असा निर्णय घाईने देऊ नये. माडगूळकरांची शांती निवेदनाच्या संथपणात आहे, शुक्लांची वाक्यरचनेत. शुक्लांची वाक्ये साधी क्रियापदे घेऊन तीच तीच वस्तू थोडी थोडी सरकवीत जातात, आणि वाचकाची चाल त्यांच्या बेताने मंदावते. श्याम मनोहरांच्या गद्यात मराठीला अशा पुनरुक्तीचा परिचय आहे, पण तेथे तिचा रोख उपहासाकडे आणि जिज्ञासेकडे असतो. शुक्ल उपहास करीत नाहीत. बदलाचा वेग ते नाकारीतही नाहीत. केवळ आपल्या वाक्याला त्या वेगाने पळण्याची सक्ती करू देत नाहीत. ही कादंबरी आली १९९७ मध्ये, आणि तीन वर्षांत तिचे शहर राजधानी झाले. २०२४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळून डिसेंबर २०२५ मध्ये शुक्ल गेले, तेव्हा त्यांनी लिहिलेल्या लहान शहराचा बराचसा भाग कादंबरीपुरताच उरला होता.

मराठी चिकित्सेच्या दृष्टीने या तीन पाठांतला पहिलाच सर्वाधिक अपुरा वाचला गेला आहे. सप्रे हिंदीच्या इतिहासात आद्य पत्रकार म्हणून, मराठीत फार तर टिळकांचे भाषांतरकार म्हणून येतात. 'हिंदी दासबोध' मूळ ओव्यांशी समास-समास ताडून पाहणे, 'समाधान', 'प्रचीती', 'यत्न', 'सावधान' यांसारख्या शब्दांना त्यांनी कोठे जसेच्या तसे राहू दिले आणि कोठे हिंदी पर्याय दिले याची नोंद करणे, हे काम दोन्ही भाषा जाणणाऱ्या अभ्यासकाच्या आवाक्यातले आहे. गद्यात न मावलेली ओवी कोणत्या ठिकाणी अडखळते, याच्या खुणा त्या पानांवर आहेत. तिसरे दशक आणि एकोणिसाव्या दशकातील लेखनक्रियेचा समास, येथून आरंभ करणे सोयीचे होईल.